बारा मिनिटांची फिल्म, एकवीस खाडे

(संघटनेच्या चिंचवड येथील एक दिवसाच्या कार्यशाळेत, फिल्म दाखवण्याआधी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

मैत्रिणींनो,

फिल्मच्या आधी पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलं होतं. मी जरा जास्त वेळ घेणार आहे, रागावू नका. फिल्ममध्ये जे दिसत नाही ते आधी सांगायचं आणि मगच ती दाखवायची, असं आमचं ठरलेलं आहे. ‘आमचं’ म्हणजे कोणाकोणाचं, तेही पुढे येईलच.

मी निगडीच्या यमुनानगरात वाढले. वडील पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं पर्मनंट होते. आमच्या लहानपणी ‘पर्मनंट’ या शब्दाला काय वजन होतं, ते इथे बसलेल्या पिंपरी-चिंचवडच्या बायकांना सांगायला नको. दिवाळीचा बोनस, कंपनीची बस, युनियनची मिरवणूक. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, मागोमाग टेल्को, बजाज आल्या आणि आमच्यासारखी हजारो घरं या पगारांवर उभी राहिली. मी पुण्याला पत्रकारितेच्या एम.ए.ला गेले तेव्हा कामगार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे वडीलच यायचे. खाकी कपडे, हातात डबा, आणि पुरुष.

शेवटच्या सत्राला आम्हाला प्रकल्प म्हणून एक लघुपट करायचा होता. चौघांचा गट, तीन मुली आणि एक मुलगा. दहा ते पंधरा मिनिटं लांबी, तीन महिने मुदत, खर्च आपला आपण. विषय काय घ्यायचा यावर आमची खूप भांडणं चालली होती. त्याच सुमाराला ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तिथे एका शेडमध्ये बनत होत्या. त्या दिवशी आणि पुढे उपचार चालू असताना मिळून दहाच्या वर जीव गेले. बहुतेक बायका. तळवडे आमच्या घरापासून फार लांब नाही, आणि अशा शेडमध्ये बायका काम करतात हे मला त्या संध्याकाळी टीव्हीवर कळलं. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे तिथे हजर होते. आदल्या दिवसापर्यंत एकही नव्हता, आणि त्यात मीही आलेच.

तेव्हा ठरवलं, विषय हाच घ्यायचा, पण आगीचा नाही. आग न लागलेल्या एका साध्या दिवसाचा. ठेक्यावर काम करणाऱ्या एका बाईचा चाकणमधला एक दिवस.

आता आमचं नियोजन कसं झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकजणी आता मोबाईलवर मोर्चाचं, बैठकीचं, पीडित बाईच्या मुलाखतीचं चित्रण करता. महाविद्यालयात आम्हाला एक नमुना दिला होता. फिल्मचा आशय एका वाक्यात, मग एका पानात, मग कोणकोणते शॉट घ्यायचे त्यांची यादी, मग कोणत्या दिवशी काय, मग खर्च. चांगली शिस्त आहे ती, मी तिला नावं ठेवत नाही. पण आम्ही काय केलं? निगडीत एका हॉटेलात चहा पीत बसून सेहेचाळीस शॉटची यादी केली. बस येते. बाई चढते. बाई खिडकीबाहेर बघते, चेहरा उदास. असे ‘उदास’ लिहिलेले पाच शॉट होते, मी नंतर मोजले. तोवर आमच्यापैकी कोणीही चाकणच्या एकाही कामगार बाईशी बोललेलं नव्हतं.

इथल्याच एका कार्यकर्तीने आम्हाला खराबवाडीतल्या एका चाळीत नेलं. चाळ म्हणजे गावच्या माणसाने आपल्या जागेत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, समोरासमोर दोन रांगा, दहा बाय दहाची एकेक खोली. भाडेकरू लातूरचे, धाराशिवचे, बुलढाण्याचे, यवतमाळचे. तिथे आम्हाला अक्का भेटली. सगळी चाळ तिला अक्का म्हणते म्हणून आम्हीही म्हणू लागलो. लातूरकडची, पस्तिशीची, दोन मुलं गावाकडे आईपाशी. काम वायरिंग हार्नेसचं. गाडीच्या आत दिव्यांना, हॉर्नला, काचांना वीज पोचवणाऱ्या तारांचा जो जुडगा असतो, तो या बायका हाताने बांधतात. मोठ्या फळीवर खुंट्या असतात, त्यांच्यामधून तारा ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर ‘टक’ वाजेपर्यंत दाबायचा. हे काम अजून फार करून हातानेच होतं आणि त्याला बायकाच लागतात. बायकांची बोटं बारीक असतात, असं कारण सांगतात. बायकांचा पगारही बारीक असतो, हे दुसरं कारण सांगत नाहीत.

कंपनीच्या आत चित्रीकरणाची परवानगी मिळावी म्हणून तीन ठिकाणी पत्रं दिली. दोघांकडून उत्तर नाही, तिसरीकडे गेटवरच्या माणसाने पत्र वाचून तिथेच परत दिलं. मग कामाचं दृश्य आणायचं कुठून? आमची यादी इथेच कोलमडली. तो प्रश्न अक्काने सोडवला. एका गुरुवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिला विचारत होतो की नेमकं काय करता, आधी काय, मग काय. ती सांगून कंटाळली आणि म्हणाली, “थांबा, करूनच दाखवते.” भिंतीसमोर उभी राहिली आणि रिकाम्या हातांनी सगळं काम करून दाखवलं. तार नाही, टेप नाही, फळी नाही. हात मात्र जिथे खुंटी असायची तिथे बरोबर वळत होते. एक जुडगा पुरा झाला की लगेच दुसरा. आम्ही “बस” म्हणेपर्यंत तिने चार केले. कॅमेरा म्हणजे आमच्या मैत्रिणीचा मोबाईल तीन पायांच्या स्टँडवर, आणि खिडकीतून येणारा उजेड. दृश्य फार चांगलं आलं.

आवाजाचं मात्र हाल झाले. पत्र्याची खोली, बाहेर तळेगाव–चाकण रस्त्यावरचे ट्रक, शेजारी कोणाचा तरी मिक्सर. पहिल्या दिवशीचं सगळं बोलणं वाया गेलं. नंतर आम्ही युक्ती शोधली. दुपारची पाळी निघून गेली की चाळ तासभर शांत असते. त्या वेळात दाराला आणि खिडकीला गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा आणि बोलणारीच्या अगदी जवळ दुसरा मोबाईल ठेवायचा. उकाड्याने जीव जातो, पण आवाज स्वच्छ येतो. चित्र थोडं डळमळलं तर लोक चालवून घेतात, बाईचं बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात. हे लक्षात ठेवा.

अक्काची एकच अट होती. चेहरा नको. आम्ही कबूल केलं. महाविद्यालयाचा एक संमतीचा कागद होता, इंग्रजीत छापलेला, त्यावर तिने मराठीत सही केली. मी तो वाचून दाखवला, म्हणजे “फिल्म काढायला तुमची हरकत नाही ना, एवढंच आहे” असं म्हटलं. ही फिल्म कोण बघणार, कुठे जाणार, कोणाच्या मोबाईलमध्ये राहणार, यातलं काही मी तिला सांगितलं नाही. ते मलाच ठाऊक नव्हतं.

आता ज्यासाठी मी वेळ मागून घेतला ती गोष्ट.

अक्काच्या उजव्या मनगटाच्या वर एक विंचू गोंदलेला आहे. लहानपणी जत्रेत आईने गोंदवून घेतलेला. हात हलले की तो विंचू चालल्यासारखा दिसतो. आम्ही त्याच्या अगदी प्रेमात पडलो होतो. त्यातल्या चाळीस सेकंदांचा एक तुकडा मी वेगळा काढला, खाली नाव टाकलं, ‘लवकरच’ असं लिहिलं आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. सगळ्यांनी वा वा केली. मग मी तो माझ्या स्टेटसलाही ठेवला. मीच ठेवला. गटातल्या इतरांनी नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

चेहरा कुठेच नव्हता. मी दिलेला शब्द मोडला, असं मला वाटलंसुद्धा नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही चाळीत गेलो. अक्काने चहा केला. आम्हाला पाण्याच्या रांगेचा शॉट हवा होता, त्यासाठी ती हंडा घेऊन दोनदा उभी राहिली. सगळं आटोपल्यावर सामान आवरताना म्हणाली, “सोमवारपासून घरीच आहे मी. ब्रेक दिला.” कामाच्या ठिकाणच्या सुपरवायझरने तो तुकडा कोणाच्या तरी मोबाईलवर पाहिला होता. लाइनवर येऊन सगळ्यांसमोर तिचा हात धरून वर केला आणि म्हणाला, हा विंचू कोणाचा? दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने गेटवर सांगितलं, तुझं काम संपलं, पुढच्या महिन्यात बघू. कागद नाही, कारण नाही. सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायची तिकडे रीतच आहे, त्यामुळे हा कशाबद्दलचा ब्रेक हे कोणी सिद्धही करू शकत नाही.

आम्ही चौघंही गप्प बसलो. ती हे आधी का नाही बोलली, असं मी विचारलं. म्हणाली, “तुमचं काम खोळंबलं असतं की.”

मी तो तुकडा पुसून टाकला, पण तो तोवर किती जणांकडे गेला होता याचा हिशोब कोण ठेवतंय? कार्यकर्तीला घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. तो अगदी गोड बोलला. आम्ही कोणाला काढलं नाही, ऑर्डर कमी आहेत. घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिच्याकडे हजेरीचा काही कागद आहे? नेमणुकीचं पत्र?” नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या काळी एखाद्याला असं तोंडी काढलं असतं तर युनियनने गेट बंद केलं असतं. पण खरं सांगायचं तर तेव्हाच्या त्या युनियनमध्ये त्यांच्या खात्यात एकही बाई नव्हती, आणि ठेक्यावरची माणसं सभासद नव्हती. हे मी त्यांना त्या दिवशी बोलून दाखवलं, आणि मग आमचं भांडण झालं. ते जाऊ द्या.

अक्काला दुसऱ्या ठेकेदाराकडे, आधीपेक्षा लांब, काम मिळालं. मध्ये एकवीस खाडे झाले. आम्ही चौघांनी एकवीस दिवसांची मजुरी गोळा करून नेली. तिने घेतली नाही. “भीक घालताय का?” म्हणाली. पैसे तिच्या कॉटवर तसेच पडले होते. थोड्या वेळाने तिनेच मार्ग काढला. “शूटिंगला किती दिवस आले मी? नऊ. नऊ दिवसांची हजेरी द्या. हात माझे हलले ना?” नऊ दिवसांचे पैसे मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. मैत्रिणींनो, आमच्या खर्चाच्या तक्त्यात प्रवास होता, जेवण होतं, पेन ड्राइव्ह होता, एडिटिंगच्या कॉम्प्युटरचं भाडं होतं. ज्या बाईवर फिल्म होती तिच्या वेळेचा रकाना नव्हता. कोणत्याच गटाच्या तक्त्यात नव्हता.

माझा धीर सुटला होता. प्रकल्प सोडून द्यावा, असं मी शिक्षिकेला सांगायला गेले. त्यांनी मला काही न बोलता एक जुनी फिल्म दाखवली. ‘तंबाखू चाकीला ऊब आली’, १९८२ सालची. तुमच्यातल्या जुन्याजाणत्यांनी पाहिली असेल. दीपा धनराज, आभा भैय्या, मीरा राव आणि नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० साली ‘युगांतर’ नावाचा गट केला. त्यांची पहिली फिल्म आपल्या पुण्याची, ‘मोलकरीण’, १९८१ सालची, पुणे शहर मोलकरीण संघटनेच्या बायकांबरोबर केलेली. त्यानंतर निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांची. पंचवीसेक मिनिटांची फिल्म आहे, आणि ती करायला ही मंडळी सुमारे चार महिने त्या बायकांमध्ये राहिली. काय दाखवायचं ते त्यांच्याशी बोलून ठरत गेलं. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने या फिल्म जतन करून नव्याने पाहता येतील अशा केल्या आहेत, म्हणून आम्हाला त्या बघायला मिळाल्या. निपाणीच्या त्या बायका पडद्यावर चेहरा उघडा ठेवून बोलतात. मला पहिला प्रश्न पडला, यांना भीती नाही वाटली? शिक्षिका म्हणाल्या, “वाटलीच असेल. पण त्या एकट्या नव्हत्या, त्यांच्यामागे संघटना उभी होती. तुझी अक्का एकटी होती.”

यातून मी असा अर्थ घेतला की चेहरा दाखवावा की नाही, हे कॅमेरा धरणारीने ठरवायचं नसतं, आणि नुसतं एकट्या बाईला विचारूनही ते ठरत नाही. तिच्या पाठीशी कोण उभं आहे यावर ते ठरतं.

आम्ही कच्ची फिल्म घेऊन परत चाळीत गेलो. या वेळी आधी तिला विचारलं, कोणाकोणाला दाखवू? ती म्हणाली, आपल्या रांगेतल्या बायकांना. एका गुरुवारी रात्री भिंतीवर चादर लावून दाखवली. पंधरा-सोळाजणी होत्या. सुरुवातीलाच हशा पिकला. आम्ही पहाटेच्या अंधारात निघालेल्या बसवर सारंगी वाजवली होती. एकजण म्हणाली, “कोण मेलंय गं?” अक्का म्हणाली, “येवढं उदास का दाखवायलीस? बसमध्ये आम्ही काय काय बोलतो ते ठाव हाय का तुला?” सारंगी गेली. तिच्या जागी बसमधल्या बायकांचं बोलणं, हसणं आलं, फक्त आवाज. पायल कपाडिया या आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शिका. त्याच वर्षी, २०२४च्या मे महिन्यात, त्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. ती फिल्म मी पुढे पाहिली. तिची सुरुवात मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसांच्या नुसत्या आवाजांनी होते. मला आमच्या बसची आठवण आली. तेवढीच, बरोबरी नाही सांगत.

दुसरी गोष्ट त्या बायकांनी मागितली ती आमच्या डोक्यातही नव्हती. “पगाराची चिठ्ठी दाखवा. कापतात किती आणि कशाचं, ते आम्हाला कळत नाही.” मग आम्ही शिकलो आणि शिकून तो प्रसंग घातला. नाव झाकलेली एक चिठ्ठी, आणि एकेका ओळीवर फिरणारं एक बोट. भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के, ईएसआयचे पाऊण टक्का, आणि व्यवसाय कराचे दोनशे रुपये. हा शेवटचा आकडा बघून आमच्याबरोबरची कार्यकर्ती थांबली. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर माफ आहे. त्या रात्री बायका घरी जाऊन आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आल्या, ज्यांना मिळत होत्या त्या. तिघींचे दोनशे कापले जात होते. पुढच्या महिन्यात त्या तिघी मिळून विचारायला गेल्या, आणि कापणं बंद झालं. मागचे पैसे अजून मिळालेले नाहीत. फिल्ममध्ये हा प्रसंग दीड मिनिटाचा आहे, तो जरा लक्ष देऊन बघा. शक्य असेल त्यांनी आपली चिठ्ठी काढून ठेवा.

हातांचं दृश्य आम्ही काढून टाकणार होतो. ते अक्काने काढू दिलं नाही. “माझं काम आहे ते, राहू दे,” म्हणाली. मग त्याच चाळीतल्या चौघीजणी तिच्या शेजारी भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पाचहीजणींनी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घातले आणि पाचही जोड्या हातांनी काम केलं. कोणते हात कोणाचे, ते आम्हालाही आता सांगता येत नाही. परीक्षकांनी या दृश्याला विशेष गुण दिले. ती कल्पना कोणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही खरं ते सांगितलं, पण गुण आमच्याच नावावर लागले.

फिल्मच्या दोनच प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक अक्काच्या पेटीत. इंटरनेटवर ती नाही आणि जाणार नाही. कुठे दाखवायची असली की मी तिला फोन करते. कोण बायका आहेत, किती आहेत, कोणी कंपनीचं आहे का, असं ती विचारते. दोनदा तिने नाही म्हटलं. एका महोत्सवाला, आणि एका ठिकाणी जिथे कामगार अधिकारी येणार होते. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, महोत्सवाचं जास्त. आजच्यासाठी तिने परवा रात्री हो म्हटलं. ती स्वतः यायची होती, पण तिला आज दुपारची पाळी लागली.

तिने एक निरोप दिलाय तो सांगते. फिल्म झाल्यावर टाळ्या वाजवल्या तरी चालेल, पण मग कोणाकोणाच्या घरी कामाला बाई आहे आणि तिच्या खाड्याचे पैसे कोण कोण कापतं, तेही विचारून घे, म्हणाली. ते आपण नंतर बोलू. आता सगळ्यांनी मोबाईल पिशवीत ठेवा, आणि मागच्या ताई, तेवढा दिवा बंद करा.